बोलणारा माणूस म्हणजे सिनेमा नव्हे?

उंबरठा: कालच्या धाग्यावर एकानं ठोकून दिलंय, "माणूस नुसता बोलतोय, दिग्दर्शकानं काय केलं? कॅमेरा लावून झोपला!" रात्रभर डोक्यात राहिलं, म्हणून वेगळा धागा. चिनी दिग्दर्शक वांग बिंगचा 'फेंगमिंग' (२००७) हा माहितीपट बघा. एक वृद्ध बाई खुर्चीत बसून तीन तास स्वतःचं आयुष्य सांगते. १९५७ नंतरची चीनमधली धरपकड, श्रमछावणी, तिथेच वारलेला नवरा. बोलता बोलता बाहेरचा उजेड जातो, तिचा चेहरा दिसेनासा होतो, ती बोलतेच आहे. बऱ्याच वेळानं वांग बिंग दिवा लावूया म्हणतो. इतका वेळ गप्प बसणं, हे दिग्दर्शन नाही?

काथ्याकूट: तो मीच. दिव्याच्या बटणासाठी तीन तास? रेडिओ काय वाईट? शिवाय आरोपीही तोच, वकीलही तोच. 'फॉग ऑफ वॉर' (२००३) मध्ये व्हिएतनाम युद्धाच्या वेळचे अमेरिकी संरक्षणमंत्री मॅकनमारा एकटेच बोलतात. व्हिएतनामी माणूस कुठाय?

उंबरठा: शेवटी अपराधी वाटतं का विचारल्यावर ते विषय बंद करतात. तो चेहरा रेडिओवर दिसला असता?

सतरंजी: त्यात फिलिप ग्लासचं संगीत सतत मागे वाजत असतं, ते डोक्यात जातं. माझ्या आजोबांचं बोलणं मी चौदा तास रेकॉर्ड केलं. मामेभावानं त्याची वीस मिनिटं केली आणि खाली बासरी सोडली. "काय बरं त्याचं नाव... थांब, आठवेल" हे सगळं कापलं. अहो, आजोबा सरळ बोलायचेच नाहीत! उरलेला गृहस्थ कोण, देव जाणे.

कात्री: एडिटिंग करतो म्हणून सांगतो, चौदा तास तुम्ही तरी परत ऐकलेत का? कापावंच लागतं. कापलेल्या जागी हातांचा शॉट टाकतो. लोक म्हणतात, हात किती बोलके! तिथे चार मिनिटं गायब असतात.

सतरंजी: म्हणजे फसवणूकच! आणि वर मिरवताय?

कात्री: बासरी मी नाही टाकली. राग मामेभावावर काढा.

उंबरठा: हिटलरच्या सेक्रेटरीवरचा 'ब्लाइंड स्पॉट' (२००२) बघा, संगीत नाही, जुनी फिल्म नाही. ती स्वतःचंच रेकॉर्डिंग बघते आणि त्यावर पुन्हा बोलते. काथ्याकूट, तुमचा उलटतपास तिथे आहे.

काथ्याकूट: स्वतःच स्वतःचा? वा, छान न्यायालय! असो. काल 'फेंगमिंग' लावला, तुमचं तोंड बंद करायला. अंधार झाल्यावर पुढे ढकलणार होतो, बोट तसंच राहिलं. एवढं कबूल. मॅकनमारांबद्दलचं मत तेच.

सतरंजी: बासरीचं कोणीच बोलत नाहीये.