शब्द : नामसाधर्म्य. पण त्या माणसाला काय म्हणायचं?

प्रश्न (फोंडा) : दोघांचं पहिलं नाव एकच असलं की वर्तमानपत्रं 'नामसाधर्म्य' लिहितात, निवडणुकीच्या दिवसांत तर हा शब्द हमखास भेटतो. पण ते त्या योगायोगाचं नाव झालं. माणसाला काय म्हणायचं? हिंदीत 'हमनाम' आहे. मुलाला शाळेतून 'एकाच नावाचे थोर गोमंतकीय' हा विषय मिळालाय आणि मी शीर्षकावरच अडलेय.

उत्तर (डिचोली) : 'माझ्या नावाचा' असंच म्हणतो की आपण. मनोहर पर्रीकर आणि कवी मनोहरराय सरदेसाय, ही घ्या जोडी.

प्रश्नकर्ती : भाई, बोलताना ते चालतं. लिहिताना 'नावाचा' म्हटलं की 'नावाचाच डॉक्टर' आठवतो. अर्थ पार उलटतो.

उत्तर (मडगाव) : बाई, मुलाला 'जुझे' हे नाव घ्यायला सांगा. बाणावलीत १६५१ साली जन्मलेले संत जुझे वाझ. डच राजवटीत कॅथलिकांवर बंदी असताना ते वेष पालटून श्रीलंकेत शिरले, १७११ मध्ये कँडीला वारले आणि २०१५ मध्ये कोलंबोत संत घोषित झाले. दुसरे, हडफड्याचे जुझे गेर्सन द कुन्हा. मुंबईत डॉक्टरकी करता करता त्यांनी जुनी नाणी आणि मुंबईचा इतिहास अभ्यासला. तिसरे मला सगळ्यांत जवळचे: कांदोळीचे जुझे कुस्तोदियो द फारिया (१७५६–१८१९). संमोहनाची झोप संमोहकाच्या अंगातल्या कुठल्या शक्तीमुळे येत नाही, ती समोरच्याच्या स्वतःच्या मनातून येते, हे त्यांनी पॅरिसमध्ये ठामपणे मांडलं. पणजीत त्यांचा पुतळा आहे, पण 'जुझे' म्हणून त्यांना कोण ओळखतं? सगळे त्यांना 'आबे फारिया' म्हणतात, आणि 'आबे' म्हणजे फ्रेंचमध्ये पाद्री. पदवीने नाव गिळलं.

आणि कृपा करून 'होजे' लिहू नका. तो 'ह' स्पॅनिश उच्चारातला, पोर्तुगीजमध्ये तो नाही. 'जोस' तर कुठलाच नव्हे. आपल्याकडे तोंडात 'जुझे'च बसलंय.

आता तुमच्या शब्दाकडे येतो. साधर्म्य म्हणजे वस्तू दोन, धर्म म्हणजे गुण एक; जसं मुख आणि चंद्र. माणसं दोन आणि नाव एक, म्हणून 'नामसाधर्म्य' हा शब्द चपखलच आहे. तो अपुरा पडतो वेगळ्याच ठिकाणी. जुझे हे मूळचं हिब्रू 'योसेफ', 'तो भर घालो' अशा अर्थाचं. अरबीत त्याचंच यूसुफ झालं. मांडवीकाठच्या ज्या इमारतीला आपण आदिलशहाचा राजवाडा म्हणतो, तो आदिलशहा म्हणजे विजापूरचा यूसुफ. १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतला तो त्याच घराण्याकडून. नाव तेच, पण कानाला पत्ता लागत नाही. याला नामसाधर्म्य म्हणवत नाही. 'एकाच नावाची दोन रूपं' एवढं साधं लिहावं.

माणसासाठी मी 'समनामी' वापरतो. वाचणाऱ्याला अर्थ सांगावा लागत नाही.

उत्तर (डिचोली) : 'समनामी' कागदावर ठीक. आमच्या वाड्यावर कुणी म्हणणार नाही.

प्रश्नकर्ती : शीर्षक 'तीन समनामी जुझे' ठरलं. मुलाला यूसुफही हवाच आहे. राजवाडा त्याने पाहिलाय, म्हणून ते पान तो आधी लिहायला बसलाय.