मदत हवी आहे: चेरी श्रिंप (टाकीत पाळायची छोटी कोळंबी) कात टाकताना मरतायत

सांगली. ४० लिटरची टाकी, स्पंज फिल्टर, जावा मॉस (पाणवनस्पती), मासा एकही नाही. डोक्यामागे पाठीवर पांढरी रिंग दिसली की दुसऱ्या दिवशी श्रिंप खलास. अंडीवाल्या माद्या अंड्यांसकट कात सोडतात.

बोअरचा टीडीएस (विरघळलेले क्षार) ८५०, म्हणून आरओचं पाणी मिसळून २८० वर आणलंय. जीएच (कॅल्शियम-मॅग्नेशियमचा एकूण कडकपणा) ९, केएच (कार्बोनेटचा कडकपणा) ६, पीएच ७.६, अमोनिया, नायट्राइट शून्य. श्रिंपला घातक असं तांब्याचं औषध कधीच नाही. पंख्याने तापमान २७ राहतं, चिलर परवडणार नाही. पाणीबदल २५ वरून १० टक्क्यांवर आणला, तोही थेंबाथेंबाने, कॅल्शियमसाठी कटलबोनही (समुद्रफेस) टाकलं. फरक नाही.

जीएच ठीक दिसतो, पण त्यात कॅल्शियम किती नि मॅग्नेशियम किती, हे टेस्ट किट सांगत नाही. संशय तिथेच आहे. बोअर बंद करून निव्वळ आरओ आणि जीएच पावडरवर जायचं, तर उरलेल्यांना धक्का न बसता हा बदल किती आठवड्यांत करावा?