इपॉक्सी रेझिनसाठी ऊबदार पेटी : बल्ब किती वॉटचा घ्यावा? मदत हवी आहे

नमस्कार. मालवणजवळ माझी लाकूडकामाची छोटी कार्यशाळा आहे. फणसाच्या आणि आंब्याच्या फळ्यांतील भेगा इपॉक्सी रेझिनने (हार्डनर नावाचे द्रव्य मिसळले की कडक होणाऱ्या राळेने) भरून मेजाचे पृष्ठभाग तयार करणे हे माझे मुख्य काम. थंडीत पहाटे पारा २० अंशांच्या आसपास उतरला की रेझिन इतके घट्ट होते की ढवळताना शिरलेले बुडबुडे वर येत नाहीत, आणि डब्याच्या तळाशी थिजलेल्या मधासारखे रवे धरतात. डबा ५० ते ६० अंशांपर्यंत गरम केल्यास हे रवे विरघळतात. परंतु ती वेळच येऊ नये म्हणून रेझिन कायम ३० ते ३२ अंशांवर राहील अशी पेटी मला बांधायची आहे. त्याहून अधिक ऊब नको, कारण तापमान १० अंशांनी वाढले की मिश्रण हाताळण्याचा अवधी जवळपास निम्म्यावर येतो.

पेटी ६० × ४५ × ४५ सेंटीमीटरची, बाहेरून मरीन प्लाय आणि आतून ५० मिलिमीटर जाडीचे थर्मोकोल, अशी योजली आहे. माझ्या हिशेबाने आतील व बाहेरील तापमानात १२ अंशांचा फरक राखण्यास साधारण १२ ते १३ वॉट पुरतात. बहुतेक जण ४० किंवा ६० वॉटचा बल्ब आणि डिजिटल थर्मोस्टॅट सुचवतात, आणि माझी अडचण नेमकी येथेच आहे. आमच्याकडील खाऱ्या हवेत थर्मोस्टॅटमधील रिलेचे (बल्ब चालू-बंद करणाऱ्या स्विचचे) संपर्क लवकर गंजतात. ते चिकटून बसले आणि ४० वॉटचा बल्ब रात्रभर जळत राहिला, तर आतील तापमान बाहेरच्यापेक्षा ३५ अंशांहून अधिक चढेल. म्हणून थर्मोस्टॅट बिघडला तरी धोका होणार नाही इतकाच, म्हणजे १५ वॉटचा बल्ब लावावा, असे मला वाटते. मात्र दार वारंवार उघडल्यावर आणि फटींतून ऊब निसटल्यावर तो पुरेल का? की मोठा बल्ब ठेवून त्याच्याशी वेगळा थर्मल फ्यूज (ठरावीक तापमानाला वीज तोडणारा) जोडणे अधिक शहाणपणाचे ठरेल, आणि तसे असल्यास तो किती अंशांचा असावा?

दुसरा प्रश्न हार्डनरचा, कारण तो हवेतील ओलावा शोषतो. पावसाळ्यात २६ अंशांची ९५ टक्के आर्द्रतेची हवा ३२ अंशांपर्यंत तापवली की तिची सापेक्ष आर्द्रता ७० टक्क्यांखाली येते, म्हणून घट्ट झाकणाचा हार्डनरही याच पेटीत ठेवावा असा विचार आहे. पॉलिएस्टर रेझिन, त्याचे पेरॉक्साइड हार्डनर आणि थिनर मात्र या पेटीजवळही येणार नाहीत.

किनाऱ्यावर अशी पेटी प्रत्यक्ष वापरणाऱ्यांनी थर्मोस्टॅटचा सेन्सर कोठे बसवला, डब्याला चिकटवून की मोकळ्या हवेत, हेही कृपया कळवावे.