जुनी हाय-फाय यंत्रं घेताना-विकताना आलेले वेगळे अनुभव : मराठवाड्यातल्या रसिकांसाठी धागा

धागाकर्ता, छत्रपती संभाजीनगर

मुंबईकरांना लॅमिंग्टन रोड आहे, चोर बाजार आहे. आपल्याकडे जुना अ‍ॅम्प्लिफायर हवा असला तर कुणाच्या तरी माळ्यावरच शोधावा लागतो. माझ्या पाहण्यात ही यंत्रं इकडे तीन वाटांनी आली. आखातात कामाला गेलेल्यांनी सुट्टीवर येताना आणलेले कॅसेट डेक आणि रिसीव्हर, बंद पडलेल्या टॉकीजमधलं सामान, आणि नोकरदारांनी पैसे साठवून घेतलेले सोनोडाइन, कॉस्मिक, फिलिप्सचे संच. दर दिवाळीच्या साफसफाईत यातलं कितीतरी भंगारात जातं. आतल्या तांब्यासाठी चांगला ट्रान्सफॉर्मर फोडलेला बघून जीव तुटतो. म्हणून हा धागा. कुणाकडून काय मिळालं, कुणाला काय दिलं, व्यवहारात वेगळं काय घडलं ते सविस्तर लिहा.

माझ्यापासून सुरुवात करतो. सान्सुईचा अ‍ॅम्प्लिफायर विकायला काढला होता. जालन्याहून एक गृहस्थ आले ते स्वतःचे स्पीकर गाडीत घालून. "तुमच्याकडे चांगला वाजेलच, माझ्या स्पीकरवर कसा वाजतो ते बघतो," म्हणाले. आवाज शून्यावर ठेवून त्यांनी स्पीकरच्या टर्मिनलवर मल्टिमीटर लावला. डीसी व्होल्टेज (ते जास्त असलं तर स्पीकर जळतो) ५० मिलिव्होल्टच्या बरंच खाली आहे हे बघितल्यावरच तारा जोडल्या. मग तासभर हळू आवाजात ऐकलं, मधूनमधून हीटसिंकला हात लावून बघितला. भाव करायचं नावही काढलं नाही. असं गिऱ्हाईक मिळालं की वस्तू देताना वाईट वाटत नाही.

अंबाजोगाईकर

माझा अनुभव टर्नटेबलचा. अमेरिकेहून परतलेल्या एका कुटुंबाकडून थोरेन्सचं बेल्टवर चालणारं टर्नटेबल घेतलं. सोबत त्यांनी स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मरही दिला, कारण यंत्र १२० व्होल्टचं. वाजायला लागलं, आवाज गोड, मी खूश. संध्याकाळी आमच्या भजनी मंडळाचे पेटीवाले काका आले. एक कडवं ऐकलं आणि म्हणाले, "ही रेकॉर्ड माझ्या पाठ आहे. काळी तीनमधलं गाणं आहे. हे काळी दोनच्याही खाली कसं गेलं?" पेटी काढून त्यांनी सूर धरून दाखवला. खरंच उतरलं होतं.

विचार केल्यावर उलगडा झाला. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज कमी करतो, फ्रीक्वेन्सी बदलत नाही. या टर्नटेबलची सिंक्रोनस मोटर विजेच्या फ्रीक्वेन्सीवर फिरते. तिकडे ६० हर्ट्झ, आपल्याकडे ५०. म्हणजे ३३⅓ फेऱ्यांची तबकडी मिनिटाला जेमतेम २८ फेरे घेत होती. सूर तीन स्वरांहून थोडा जास्तच उतरणार. (कोमल-तीव्र धरून मोजायचे, पेटीच्या पट्ट्यांप्रमाणे.)

यावर इलाज मोटरची पुली बदलणं. वाळूजला एका लेथवाल्याकडे गेलो. जुन्या पुलीचा व्यास मोजून १.२ पट व्यासाची पितळी पुली करून मागितली. बेल्टची जाडी थोडा फरक पाडते, म्हणून त्यांनी किंचित मोठी करून दिली आणि "वाजवून बघा, जास्त झाली तर घासून देतो" म्हणाले. ५० हर्ट्झची स्ट्रोब चकती तबकडीवर ठेवून बघायचं, ३३⅓ साठी तिच्यावर १८० रेघा असतात. वेग बरोबर असला की रेघा जागच्या जागी उभ्या दिसतात. त्यासाठी चोकची जुनी ट्यूबलाइट लागते, कित्येक एलईडी दिव्यांखाली रेघा नीट दिसत नाहीत. पुली दोनदा घासून आणली तेव्हा रेघा थांबल्या. काकांना बोलावलं. त्यांनी काळी तीन दाबली आणि पूर्ण बाजू संपेपर्यंत पेटीवर साथ केली. लेथवाल्यांनी पुलीचे पैसे घेतले, घासण्याचे घेतले नाहीत.

जालनेकर

पुलीचं वाचून फार आनंद झाला. थेट मोटरवर फिरणाऱ्या क्वार्ट्झवाल्या टर्नटेबलला, उदाहरणार्थ टेक्निक्सच्या एसएल-१२०० एमके-२ ला, ही अडचण येत नाही. तिथे फक्त व्होल्टेज जुळवायचं. आणि जपानच्या स्थानिक बाजारातली वस्तू असेल तर ती १०० व्होल्टची असते. मागची पट्टी वाचल्याशिवाय प्लग लावू नका.

नांदेडची लेक

अब्बा रियाधला होते. त्यांनी आणलेला तीन हेडचा कॅसेट डेक कित्येक वर्षं कपाटावर होता. अब्बा गेल्यावर अम्मी म्हणाली, ज्याला वाजवता येतो त्याला देऊन टाक. मी मोबाइलच्या दुकानात विचारून एक किरकोळ भाव ठरवला आणि जाहिरात टाकली. परभणीहून एक सर आले. त्यांनी आमच्यासमोर झाकण उघडलं. आतला रबरी बेल्ट उन्हाळे खाऊन डांबरासारखा वितळून पुलीला चिकटला होता. मला वाटलं, आता भाव पाडणार. ते म्हणाले, "ताई, तुम्ही भाव फार कमी सांगितला. हेड बघा, घासलेलंच नाही. बेल्ट काय, नवा मिळतो." आणि मी सांगितल्यापेक्षा दुप्पट पैसे त्यांनी अम्मीच्या हातात दिले. अम्मी नको नको म्हणत होती. जाताना त्यांनी कापूस आणि स्पिरिट मागून घेतलं आणि पुलीवरचा काळा चिकटा तिथंच पुसून काढला, तसाच राहिला तर प्रवासात आत पसरेल म्हणून. दुरुस्त झाल्यावर त्यांनी फोन केला आणि अब्बांच्या गझलांची कॅसेट फोनवरून अम्मीला ऐकवली. मला हे कुठेतरी लिहायचंच होतं.

बीडकर

थोडक्यात सांगतो. टर्नटेबल पार्सलनं मागवू नका, आणि मागवलंच तर पाठवणाऱ्याला सांगून तबकडीची धातूची थाळी वेगळी, टोनआर्मचं वजन वेगळं बांधून घ्या. माझ्याकडे थाळी जागेवरच ठेवून आलं. वाटेतल्या धक्क्यांनी मधला दांडा आणि बेअरिंग दोन्ही गेलं. जाऊन आणणं सगळ्यात बरं.

परभणीकर

आमच्या भागातली एक जुनी टॉकीज पाडली तेव्हा भंगारवाल्याकडे व्हॉल्व्हचा (ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काचेच्या नळ्यांचा) अ‍ॅम्प्लिफायर दिसला. ईएल ३४ चे व्हॉल्व्ह जागेवर होते, काच शाबूत. पण आउटपुट ट्रान्सफॉर्मर नव्हता, आणि व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्प्लिफायरचा जीव त्यातच असतो. भंगारवाला म्हणाला, "त्यो तांब्याच्या ढिगात गेला, सकाळीच दुसऱ्याला दिला." त्या दुसऱ्याकडे गेलो. तिथे पंख्यांच्या मोटरी, स्टार्टर, जळक्या चोकांचा डोंगर. तुटलेल्या तारांचे रंग मी कागदावर लिहून नेले होते, त्यावरून शोधत बसलो. तिथली दोन पोरंही मदतीला लागली. सापडला. त्यांनी काट्यावर ठेवून किलोच्या भावानं पैसे घेतले.

जोडणी एका जुन्या रेडिओ मेकॅनिककाकांनी करून दिली. त्यांनी आधी फिल्टर कपॅसिटर डिस्चार्ज केले आणि मला लांब उभं केलं. तिथे चारशे व्होल्ट आणि वर असू शकतात, बंद असतानाही. कुणी उत्साहानं हात घालू नका, ही कळकळीची विनंती. अ‍ॅम्प्लिफायर एकच असल्यामुळे मी मोनोच ऐकतो. माझ्या बहुतेक रेकॉर्ड मोनोच्याच काळातल्या आहेत, त्या यावर जशा भरून येतात तशा दुसऱ्या कशावर ऐकल्या नाहीत.

उदगीरकर

मी विक्री नाकारली, तो अनुभव. सप्ताहाच्या आधी एका गावातली तरुण मंडळी माझा घरगुती अ‍ॅम्प्लिफायर घ्यायला आली. पैसे रोख. बोलता बोलता कळलं की चार भोंगे जोडून देवळावर लावायचे आहेत. आठ ओहमचे चार भोंगे एकत्र समांतर जोडले की लोड दोन ओहमवर येतो, पहिल्या हरिपाठालाच आउटपुट ट्रान्झिस्टर जळाले असते. मी नाही म्हटलं. "काका, आमाला द्यायचंच नाही का?" असं एकाच्या तोंडून आलं, चेहरे पडले. मग त्यांना वहीवर काढून दाखवलं, आणि शंभर व्होल्ट लाइनचा, म्हणजे बरेच भोंगे जोडता येतील असा, आहुजाचा जुना अ‍ॅम्प्लिफायर लातूरला एका मंडपवाल्याकडे होता तो मिळवून दिला. सप्ताह झाल्यावर तीच मंडळी काल्याचा प्रसाद घेऊन घरी आली. त्यातला एक जण आता दर महिन्याला रेकॉर्ड ऐकायला येतो.

धागाकर्ता

उदगीरकर, फार चांगलं केलंत. एक भर घालतो : लोडशेडिंगनंतर वीज येते तेव्हा झटका बसतो. जुनं यंत्र घेतलं की वीज जाताच बटण बंद करायची सवय घरातल्या सगळ्यांना लावा.

हिंगोलीकर

सगळे अनुभव वाचले. माझ्याकडे आजोबांच्या ७८ फेऱ्यांच्या रेकॉर्ड आहेत आणि नुकतंच एक टर्नटेबल घेतलंय. सुई इथं कुठे मिळेल?

अंबाजोगाईकर

आत्ता असलेल्या सुईवर ७८ वाजवू नका. त्यांची खाच रुंद असते, तीन मिल (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) टोकाची सुई लागते. एलपीची साधारण ०.७ मिलची असते, ती खाचेच्या तळाशी घासते. कार्ट्रिजवर (सुई बसते त्या डबीवर) छापलेला नंबर वाचून इथं लिहा, त्यात ७८ ची सुई बसते का ते बघून सांगतो.