बर्फ हटवणारे नॅरोगेज डबे: नुसते उभे ठेवावेत की चालवावेत?

मोतीबागकर, नागपूर (प्रश्न)
परवा मुलाला मोतीबागचे नॅरोगेज संग्रहालय दाखवले. 762 मिलिमीटरचे ते रूळ पाहून त्याने विचारले, की कालका–शिमला मार्गही एवढाच अरुंद आहे, तर बर्फ साचला की गाडी निघते कशी? नागपूरच्या उन्हात जन्म गेलेल्या मला उत्तर सुचले नाही. अमेरिकेतील नॅरोगेजवर यासाठी स्वतंत्र डबे असत, एवढेच नंतर वाचनात आले. त्यांचे काम कसे चाले, आणि आज त्यांतले काय शिल्लक आहे?

सांधेवाला
आपण वाचलेला डबा बहुधा रोटरी स्नो प्लाऊ असावा. त्याची मूळ कल्पना 1869 मध्ये टोरांटोचे दंतवैद्य जे. डब्ल्यू. इलियट यांनी मांडली, आणि पुढे ऑरेंज जल यांनी ती सुधारली. डब्यात बॉयलर असतो, पण त्याची वाफ फक्त तोंडावरचे पात्यांचे अजस्र चाक फिरवण्यात खर्च होते. डबा स्वतः चालत नाही, मागून इंजिने त्याला रेटतात. चाक उलटसुलट फिरवता येत असल्याने बर्फ दरीच्या बाजूला, मग ती डावीकडे असो वा उजवीकडे, फेकता येतो.

गँगमनचा नातू
रोटरीइतकाच महत्त्वाचा, पण कुणी फोटो न काढणारा डबा म्हणजे फ्लँजर. रुळांच्या आतल्या बाजूला, जिथून चाकाची कड जाते तिथे, दबलेला बर्फ गोठला की हलके इंजिन सहज रुळावरून उतरते. फ्लँजरचे पाते तो बर्फ खरवडते. मात्र सांधे (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळते ती जागा) किंवा फाटक आले की ते वेळेवर उचलावेच लागते, म्हणून रुळांकडेला खुणेच्या पाट्या लावलेल्या असत.

सांधेवाला
जतनाचे राहिलेच. न्यू मेक्सिकोतील चामा येथे 3 फुटी गेजचे दोन रोटरी आहेत: 1889 चा ओ-एम आणि 1923 चा ओ-वाय. कोलोरॅडो आणि न्यू मेक्सिको या राज्यांनी 1970 मध्ये अँटोनिटो ते चामा हा 64 मैलांचा मार्ग विकत घेतला, त्यामुळे ते भंगारात गेले नाहीत. स्वित्झर्लंडच्या बर्निना मार्गावरचे 1910 चे यंत्र तर स्वतःच्या वाफेवर चालतही जाते. त्याचा गेज एक मीटर, जो आपण नॅरोगेजमध्ये धरत नाही, तिकडे धरतात.

माझे मत विचाराल तर असे डबे अधूनमधून चालवावेत. सुटे भाग बदलावे लागतात आणि मूळ लोखंड कमी होत जाते, हा आक्षेप खरा आहे. पण पाते किती खाली सोडायचे, शिटीवरून मागच्या इंजिनांना कसे सांगायचे, हे काचेमागे ठेवता येत नाही. 2020 मध्ये ओ-वाय पुन्हा बर्फात उतरवला गेला, तेव्हा तो चालवणारी माणसेही तयार झाली.

मोतीबागकर
आभारी आहे. मुलाचा पुढचा प्रश्न आताच आला आहे: पाते उचलायला विसरले तर सांधा तुटतो की पाते?