सबस्टेशन स्काडावर गेलं तर परमिटचं काय?

फीडर_अकरा: नमस्कार मंडळी, मी ३३/११ केव्ही सबस्टेशनला यंत्रचालक आहे. आमच्याकडे स्काडासाठी (लांबून सबस्टेशन बघायची-चालवायची संगणक यंत्रणा) न्युमेरिकल रिले (फॉल्ट ओळखून ब्रेकर उघडायला लावणारं डिजिटल उपकरण) आणि आरटीयू (इथली माहिती कंट्रोल रूमला देणारा, तिकडच्या कमांड घेणारा डबा) बसवतायत, पुढे ब्रेकर शहरातल्या कंट्रोल रूममधूनच चालू-बंद होणार म्हणे. दर तासाला लॉगशीटवर अँपिअर लिहायचं सुटेल ते बरंच आहे, पण लाईनमन पोलवर असताना तिकडून कोणी फीडर (सबस्टेशनमधून निघणारी लाईन) चार्ज, म्हणजे चालू केला तर?

टेस्टिंगवाला: भाऊ, पॅनलवर लोकल-रिमोट स्विच असतो, तो लोकलला केला की वरून क्लोज कमांड लागायला नको, वायरिंग तशी आहे का ते कमिशनिंगच्या दिवशी स्वतः उभं राहून तपासून घ्या. परमिटची (बंद लाईनवर काम करायची लेखी परवानगी) पद्धत तीच राहते, ब्रेकर ऑफ, आयसोलेटर (लाईन डोळ्यांना दिसेल अशी तोडणारा स्विच) उघडून कुलूप, मग डिस्चार्ज करून अर्थिंग. आणि स्क्रीनवर ब्रेकर हिरवा दिसतोय म्हणून लाईन मेली असं कधीच धरू नका, तो सिग्नल फक्त ब्रेकर उघडा की बंद ते सांगणाऱ्या ऑक्झिलरी कॉन्टॅक्टचा असतो, कुणाच्या जनरेटरचं बॅकफीड (उलटा सप्लाय) येतंय का ते त्याला कळत नाही.

जुना_इंजिनिअर: फायदापण मोठा आहे हो. पावसात फीडर उडाला की अर्थ फॉल्ट की ओव्हरकरंट, किती करंट गेला, मिलिसेकंदापर्यंतची वेळ, सगळं रिलेत सापडतं, पेट्रोलिंग कुठून सुरू करायचं ते ठरवता येतं. आयईसी ६१८५० (सबस्टेशनमधल्या उपकरणांनी एकमेकांशी बोलायचं आंतरराष्ट्रीय मानक) असेल तर रिले एकमेकांना ट्रिपचे मेसेज इथरनेटवरूनच काही मिलिसेकंदात देतात, तांब्याच्या कंट्रोल केबलचे गठ्ठे कमी होतात. पण बॅटरीकडे दुर्लक्ष नको!! बॅटरीचं डीसी गेलं की रिले, आरटीयू, ब्रेकर उघडणारी ट्रिप कॉइल सगळं एकदम बसतं, फॉल्ट आला तरी ब्रेकर उघडत नाही. सेलचं पाणी आणि ग्रॅव्हिटी (आतल्या द्रवाची घनता) बघायला माणूसच लागतो, ट्रान्सफॉर्मरच्या ब्रीदरचं (आत जाणारी हवा कोरडी करणारा डबा) सिलिका जेल ओलाव्याने गुलाबी झालंय का तेही.

रात्रपाळी: २३ डिसेंबर २०१५ ला युक्रेनमध्ये हॅकर वितरण कंपन्यांच्या सिस्टीममध्ये शिरले आणि लांबूनच ब्रेकर उघडले, सव्वादोन लाखांच्या आसपास ग्राहक अंधारात गेले. माणसं सबस्टेशनला जाऊन हाताने ब्रेकर लावू लागली तेव्हा काही तासांत सप्लाय आला. म्हणून म्हणतो, स्काडा येऊ दे, पण हाताने ऑपरेट करायची सवय मोडू देऊ नका, आणि उपकरण बनवणाऱ्या कंपनीतून आलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलायला लावा.

फीडर_अकरा: सगळ्यांचे आभार. टेस्टिंगवाले दादा, आमच्या एका आयसोलेटरची कुलपाची कडीच तुटलेली आहे, उद्याच लेखी देतो, कडी बसल्याशिवाय तो फीडर रिमोटला घेऊ नका म्हणून.