काळा टी-शर्ट म्हणजे पुरावा?

"मेटल (जोरकस, कर्कश रॉक संगीत) ऐकणाऱ्या पोरांना लोक नावं ठेवतात, ठेवू देत, त्यानं काय बिघडतं?" असं काही जण म्हणतात, ते मला पटलं नाही. अमेरिकेत आर्कान्सामधल्या वेस्ट मेम्फिसमध्ये १९९३ साली तीन लहान मुलांचे खून झाले आणि तीन तरुण पोरं पकडली गेली. त्यातला एक कायम काळ्या कपड्यांत असायचा, मेटॅलिका हा मेटल बँड ऐकायचा. खटल्यात सैतानपूजेचा 'तज्ज्ञ' साक्षीला आणला (डॉक्टरेट मान्यता नसलेल्या विद्यापीठाची!), त्यानं काळे टी-शर्टसुद्धा सैतानपूजेच्या खुणांमध्ये धरले. एकाला मृत्युदंड, दोघांना जन्मठेप.

पुढे डीएनए तपासणीत तिघांपैकी कुणाचाच माग सापडला नाही. तरी सुटायला २०११ उजाडलं. तेही आम्ही निर्दोष आहोत असं म्हणत, कागदोपत्री मात्र गुन्हा कबूल करून.